नव्या सरपंचांनो, आता गावाकडे तोंड करून उभं राहा

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांमधले नवे सरपंच, उपसरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य यांस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी धाराशिव जिल्ह्यातला निवृत्त ग्रामसेवक. १९८५ साली नोकरीला लागलो, २०१९ साली दप्तर दुसऱ्याच्या हवाली करून घरी आलो. या ३४ वर्षांत एकवीस सरपंचांच्या सहीशेजारी माझी सही पडली. आता आमच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून सगळे भाऊसाहेबच म्हणतात.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावचा नवा सरपंच भेटायला आला. वय तीस-बत्तीस, पदवी झालेली, गावासाठी काहीतरी करायची खरी तळमळ. चहा झाल्यावर त्यानं पिशवीतून वही काढली आणि विचारलं, "भाऊसाहेब, तुम्ही इतके सरपंच बघितले. चांगला सरपंच कसा असतो, एवढं सांगा." मी लगेच सांगून टाकलं, "जो गावासाठी वरून कामं आणतो तो." त्यानं ते लिहून घेतलं, पाया पडला आणि गेला.

रात्री मला झोप लागली नाही. मी दिलेलं उत्तर खोटं नव्हतं, पण ते चाळीस वर्षांपूर्वीचं होतं. त्या पोराच्या गावात आज बोअर सातशे फुटांवर गेलेत. दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन ऊस तोडायला साखर कारखान्यांच्या वाटेला लागतं. मागं राहिलेल्यांत दोन गट पडलेत आणि ते एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. यातलं काय मुंबईहून आणून सुटणार आहे? म्हणून हे पत्र, त्याला आणि त्याच्यासारख्या तुम्हा सगळ्यांना.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पुढाऱ्यात कोणते गुण हवेत हे काळ ठरवतो, आणि आपल्या भागात तो काळ माझ्या डोळ्यांदेखत बदलला. एकेकाळी पुढाऱ्यानं गावाकडे पाठ करून वेशीत उभं राहायचं आणि बाहेरून येणाऱ्याशी झुंजायचं, एवढं पुरे होतं. नंतरच्या काळात त्यानं वेशीबाहेर पडायचं, तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला खेटे घालायचे आणि गावासाठी काहीतरी पदरात पाडून घ्यायचं. आता त्यानं गावाकडे तोंड करून उभं राहायची वेळ आलीय. हे सगळ्यात जड आहे, कारण समोर आपलीच माणसं असतात.

माझे आजोबा निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांच्या काळात गावच्या वेशीवर रात्रीची राखण करायचे. त्या काळातल्या पुढाऱ्यांबद्दल ते बोलायला लागले की उठायचे नाहीत. निजामाच्या राज्यात १९३८ साली स्टेट काँग्रेस नीट उभी राहायच्या आतच तिच्यावर बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थ म्हणजे मुळात मास्तर, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले आणि पुढं अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेतले. त्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर झेंडे लागत होते तेव्हा हैदराबाद संस्थानात त्यांना अटक झाली. अशा दिवसांत लोक पुढाऱ्यात एकच गोष्ट बघायचे, हा मधेच पाय तर मागं घेणार नाही ना? सभेचं इतिवृत्त कुणी मागत नव्हतं, आणि लिहून ठेवणं तर जिवावर बेतलं असतं.

तरीसुद्धा हिशेब होता. जानेवारी १९४८ मध्ये संस्थानाच्या हद्दीलगत तळ ठोकून लढणाऱ्या सरहद्द कॅम्पवरच्या पोरांनी उमरीची बँक लुटली, लढ्याला पैसा हवा म्हणून. त्या पैशाचा पै-पैचा हिशेब त्यांनी ठेवला. ऑडिटच्या दिवशी मला ती पोरं हमखास आठवायची. ज्यांना उद्याची सकाळ दिसेल की नाही याची खात्री नव्हती त्यांनी हिशेब ठेवला, आणि आपल्याला पंख्याखाली बसून पावत्या जुळवायचा कंटाळा यावा?

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. आपण दरवर्षी झेंडावंदन करतो ते तिथं थांबतं. आजोबा मात्र त्यापुढच्या दिवसांचं सांगायचे. आपल्या उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या पट्ट्यात या फौजी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, मुसलमानांवर सूड उगवला गेला. दिल्लीनं पंडित सुंदरलाल यांना पाहणीला पाठवलं होतं, इतकं ते मोठं होतं. आमच्या गावात बांगड्या भरणाऱ्या मन्याराचं एकच घर. नवरा-बायको आणि तीन लेकरं. आजोबांनी त्यांना तीन रात्री आमच्या धान्य साठवायच्या बळदात ठेवलं आणि स्वतः बळदाच्या तोंडाशी चऱ्हाट वळत बसले. दुसऱ्या रात्री त्यांचे सख्खे चुलतभाऊ आले. "बळदात काय हाय?" म्हणून विचारलं. आजोबा मान वर न करता म्हणाले, "जवारी हाय. दिवाळीला उघडीन, तवा या बघायला." चुलतभाऊ बराच वेळ उभे राहिले आणि गेले. पुढं दोन वर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं.

वेशीवरच्या राखणीबद्दल गावानं आजोबांना मान दिला. या तीन रात्रींबद्दल कुणी काही दिलं नाही. आजोबा पुढारी नव्हते, कुठल्या यादीत त्यांचं नाव नाही. पण गावाकडे तोंड करून उभं राहणं म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा त्या गोष्टीतून शिकलो.

लढा संपल्यावर काय झालं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्वामीजींनी मंत्रिपद घेतलं नाही. गोविंदभाई श्रॉफ हे त्यांच्यासोबतचे लढवय्ये, पण पुढची कितीतरी वर्षं त्यांनी आकडे, अनुशेष, निवेदनं, रुंद रेल्वेमार्गाची मागणी आणि सरस्वती भुवनच्या शाळा यांत घातली. ज्या माणसानं निजामाशी टक्कर घेतली तोच माणूस नंतर तक्ते मांडून बसला, कारण काळानं आता तेच मागितलं होतं. मला त्यांच्या लढ्याइतकंच या वळणाचं मोल वाटतं. एका आयुष्यात आपले गुण बदलणं फार थोड्यांना जमतं. जुन्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत बसणं सोपं असतं.

मग आणणाऱ्यांचा काळ आला. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला तो जवळजवळ रिकाम्या हातांनी. १९५८ च्या कायद्यानं ग्रामपंचायत आली, १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटीलकी गेली. गावाला रस्ता नव्हता, वीज नव्हती, दवाखाना नव्हता. अशा वेळी जो धडपडून आणेल तोच चांगला, यात चूक काही नव्हतं. पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरण देशाला अर्पण केलं, तेव्हा मुख्यमंत्री पैठणचेच शंकरराव चव्हाण होते. बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख पुढं मुख्यमंत्री झाले. आमच्या पिढीनं पुढारी म्हटलं की हीच चित्रं डोळ्यांसमोर ठेवली.

मी स्वतः त्या गुणावर जगलोय. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर, मी बांधाच्या कडेला धाकट्या बहिणीला सांभाळत बसायचो. दुपारी सुकडी हा कोरडा खाऊ मिळायचा, घरी मिलो नावाच्या लाल ज्वारीची भाकरी, जी गिळता गिळत नसे. पण ते काम आमच्या गावात आपोआप निघालं नव्हतं. सरपंच पायी तालुक्याला गेले होते आणि काम मंजूर होईपर्यंत तहसीलच्या आवारात धोतराचा सोगा अंथरून तीन दिवस पडून राहिले होते. मी त्या माणसाचं खाल्लेलं मीठ विसरलेलो नाही. पुढं वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला, काम मागणं हा हक्क झाला, पण त्या उन्हाळ्यात आमच्याकडे फक्त एक हट्टी म्हातारा होता.

तरी त्या गुणाची मर्यादा मला सहा वर्षांत दिसली. तेव्हा मी परभणी जिल्ह्यात मामाकडे शिकायला होतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि गावंच्या गावं उलटली. मामाच्या शेजारच्या गावात दलित वस्ती पेटवली गेली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मामाबरोबर गेलो. कुडाच्या भिंती काळ्या झाल्या होत्या, पितळेची एक घागर आगीनं वाकडी झाली होती आणि एक म्हातारी ती मातीनं घासत बसली होती. वस्तीच्या तोंडाशी विजेचा खांब होता, दिवसासुद्धा दिवा तसाच जळत राहिलेला. तो खांब त्या गावच्या सरपंचानं दोन वर्षं खेटे घालून आणला होता. चांगला माणूस म्हणून पंचक्रोशीत नाव होतं त्याचं. त्या रात्री तो घराला आतून कडी घालून बसला. त्याच्याच भावकीतली पोरं बाहेर होती, त्याच्या शब्दानं थांबली असती असं लोक अजून म्हणतात. थांबली असती की नाही, आता कळायला मार्ग नाही. तो बाहेर आला नाही, एवढं मात्र नक्की. विद्यापीठाला ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

या एका रात्रीनं माझं सगळं मोजमाप बदलायला हवं होतं. बदललं नाही. नोकरीत आल्यावर मीही सरपंचाला त्यानं किती निधी आणला यावरच तोलत राहिलो. सभामंडप, समाजमंदिर, सिमेंट रस्ता. एका गावात तर एकाच रस्त्याचं काम मी नऊ वर्षांत तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण तिन्ही वेळा ते 'आणलेलं' होतं. त्याच गावात शाळेच्या मुतारीला दार नव्हतं. त्याच्यासाठी वरून काही आणायला लागत नव्हतं, म्हणून कुणाला ते काम वाटलं नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक थकून झोपले होते. दुपारपर्यंत आम्हा ग्रामसेवकांना उमरगा भागात पाठवलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर फूट-दीड फूट मातीचं माळवद. सगळं बसलं होतं. मदतीला जवान आले, आजूबाजूच्या गावांचे लोक आले, पण उकरायचं कुठं? एका गावात सरपंच स्वतःच ढिगाऱ्याखाली गेले होते. मग पुढं आली गावची सुईण. साठीची बाई, अंगावर माती, कपाळावर रक्त सुकलेलं. प्रत्येक घरात तिनं बाळंतपण केलेलं. कुणाची खाट कुठल्या भिंतीला, कोण ओसरीत झोपतं, कुठली सून माहेरी गेलीय, सगळं तिला ठाऊक. ती चालत जायची आणि बोट दाखवायची, "हितं उकरा. हितं बाळंतीण हाय, कोपऱ्यात हाय, सरळ खाली जाऊ नका, डावीकडनं घ्या." त्या बाळंतिणीला लेकरासह जिवंत काढलं. सुईणीचा स्वतःचा लेक तिसऱ्या दिवशी सापडला, तो गेलेला होता.

मुंबईतली कुठली खिडकी कुणाची हे माहीत असलेली माणसं त्या दिवशी आमच्याजवळ कितीतरी होती. गल्लीतल्या घराच्या आत कोण कुठं झोपतं हे माहीत असलेली एकच होती. त्या वर्षी २४ एप्रिलला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली होती आणि बायकांना पंचायतीत राखीव जागा मिळणार होत्या. पारावर लोक म्हणत होते, बायकांना कारभारातलं काय कळतंय? मला त्यानंतर असं म्हणवलं नाही.

पण खुर्ची मिळाली म्हणून कारभार मिळाला असं झालं नाही, हेही मी लिहिलंच पाहिजे. नव्वदच्या दशकात मी ज्या पहिल्या महिला सरपंचाबरोबर काम केलं त्या मासिक सभेला दारात उभ्या राहायच्या. खुर्चीवर त्यांचे मालक, म्हणजे नवरा. मी ठराव वाचायचो, मालक मान हलवायचे, मग रजिस्टर दारात न्यायचं आणि ताई अंगठा उमटवायच्या. मी शाईचं पॅड धरून उभा. याला मीही जबाबदार होतो. मी एकदाही म्हणालो नाही की सभा सरपंच आत बसल्यावर सुरू होईल. नियमानं म्हणता आलं असतं.

२०११ मध्ये महाराष्ट्रात अर्ध्या जागा बायकांच्या झाल्या. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मला माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला सरपंच भेटला. त्या ताईंचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर रेल्वेनं पाणी आणलं. आमच्या गावाला दिवसाला दोन टँकर होते. आधीची रीत अशी की टँकर विहिरीत रिकामा करायचा आणि ज्याच्या अंगात जोर आणि घरात माणसं जास्त त्यानं जास्त ओढायचं. ताईंनी पहिल्या आठवड्यात ते बंद केलं. टँकर टाकीत, टाकीतून गल्लीगल्लीच्या नळाला, माणशी ठरलेल्या घागरी, आणि वही. व्हॉल्व्हची चावी त्यांच्या पदराला बांधलेली. पहिल्या दिवशी पाणी सोडलं ते गावाबाहेरच्या पारधी वस्तीवर, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या भावकीच्या गल्लीत. सासरे टाकीपाशी येऊन सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. ताई काही बोलल्या नाहीत, पदर सावरून वहीत घागरी मांडत राहिल्या.

मग खासगी विहिरी-बोअर गावाच्या पाण्यासाठी ताब्यात घ्यायचा, म्हणजे अधिग्रहणाचा, प्रस्ताव करायचा होता. गावात चार बोअरला अजून पाणी होतं आणि चारही बोअर उसाला चालू होते. त्यातला एक त्यांच्या दिराचा. मी पेन हातात धरून म्हणालो, "ताई, तिघांची नावं टाकू. दिराचं राहू द्या, घरात राहायचंय तुम्हाला." त्या म्हणाल्या, "पहिलं नाव तेच लिहा, भाऊसाहेब. गट नंबर सांगते, पाठ हाय मला." आणि सांगितला. मी लिहिला. आठ दिवसांत दिराच्या बोअरचं पाणी गावाच्या टाकीत पडायला लागलं आणि मग बाकीच्या तिघांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या. भावकी विरोधात गेली, पारधी वस्तीची मतं थोडी होती. पण २०१८-१९ चा दुष्काळ आला तेव्हा त्यांना पाडून निवडून आलेले सरपंच माझ्याकडे येऊन म्हणाले, "ती पाण्याची वही कुठं आहे?" मी काढून दिली. त्याच वहीप्रमाणं पाणी वाटलं.

आता तुमच्याबद्दल बोलतो.

तुमच्या हातात आज जो पैसा येतो त्याची रीतच बदललीय, हे तुमच्यातल्या पुष्कळांच्या ध्यानात आलेलं नाही. २०१५ पासून वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागला. १५ व्या वित्त आयोगात त्यातला ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, उरलेला गावानं ठरवायचा. हा पैसा कुणाच्या ओळखीनं येत नाही, तो ठरलेल्या सूत्रानं येतो. मग तुमचं खरं काम काय उरलं? कशाला आधी आणि कशाला नंतर, हे लोकांना समोर बसवून ठरवणं. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा म्हणजे तेच. तो तालुक्याच्या संगणकावर बसून कुणीतरी भरून देतो आणि तुम्ही सही करता, असं असेल तर तुम्ही तुमचा कारभार देऊन टाकलाय.

ग्रामसभेचं बोलतो. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. ही पळवाट मला चांगली माहीत आहे. पहिली सभा मुद्दाम रिकामी जाऊ द्यायची, दुसरीला आपली बारा माणसं बसवायची, आणि शिपायाला रजिस्टर देऊन घरोघर सह्यांना पाठवायचं. मी हे होऊ दिलेलं आहे. तुम्ही होऊ देऊ नका. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, तीही कागदावर उरकू नका. महिला सभेत आलेला विषय ग्रामसभेत वाचून दाखवा, त्या बाईला स्वतःला उठून वाचू द्या.

बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या सरपंचांनो, २६ जानेवारीच्या सभेला तुमचं निम्मं गाव सांगली-कोल्हापूरच्या, नाहीतर कर्नाटकातल्या फडात असतं. ते पाडव्याच्या आगेमागे परततात. तोवर तुम्ही वर्षाचा आराखडा मंजूर करून टाकलेला असतो, आणि त्यात त्यांच्या वस्तीचं काही नसतं, कारण बोलायला कुणी नव्हतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गेलेला एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. त्यांची लेकरं मागं आजीजवळ राहतात किंवा सोबत जाऊन शाळा बुडवतात. त्या लेकरांची यादी कुठल्या सरपंचाच्या खिशात आहे? महत्त्वाचे सगळे विषय १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभेत घ्या. लोक गावात असताना घ्या.

सरपंच ताईंच्या मालकांना एकच सांगतो. सभेच्या दिवशी शेतात जा. पहिल्या दोन सभा तुमच्याशिवाय अवघड जातील, तिसरीपासून तुमची आठवण कुणी काढणार नाही. ग्रामसेवकांनो, आता अधिकारी म्हणवता ना, तर सरपंच खुर्चीत बसल्याशिवाय पहिला विषय वाचू नका.

आणि जे बोलायला जीभ अडखळते ते. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला तेव्हापासून आपल्या भागातली गावं आरक्षणाच्या प्रश्नावर उभी चिरत चाललीत. कोणत्या बाजूचं खरं याबद्दल मी इथं काही म्हणणार नाही. तो प्रश्न सरकारपुढं आहे, न्यायालयापुढं आहे. पण एका गटानं दुसऱ्याच्या दुकानातून किराणा घेऊ नये, एकानं दुसऱ्याच्या मयताला खांदा देऊ नये, हा प्रश्न न्यायालयात जात नाही. तो तुमच्या दारात आहे. तुमचा समाज ज्या बाजूला आहे तिकडचं तुम्हाला कळतंच, त्यात विशेष काही नाही. तुम्ही तुमच्या बाजूच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरा वाजता आलेला मेसेज बघता तेव्हा काय करता, ते सांगा. गप्प बसता की लिहिता, "हा मेसेज काढा, ती आपल्या गावची माणसं आहेत"? मला त्या परभणीकडच्या सरपंचाची आतून घातलेली कडी आठवते. आज ती कडी मोबाइलवर घातली जाते.

थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचांना आणखी एक अडचण आहे, सदस्यांचं बहुमत पुष्कळदा दुसऱ्या पॅनेलचं असतं. अशा गावांत पाच वर्षं ठरावांची अडवाअडवी चालते. तिथं आवाज चढवणारा पुढारी काही कामाचा नाही. विरोधी सदस्याच्या घरी जाऊन, त्याच्या ओट्यावर बसून विषय समजावणारा लागतो. पाय दुखतात, पण जावं लागतं.

जुन्या पुढाऱ्यांचे गुण टाकून द्या असं मी म्हणत नाही. तहसीलच्या आवारात तीन दिवस पडून राहायची वेळ आजही येते, पीकविम्यासाठी येते, टँकरसाठी येते. तेव्हा पडून राहा. पण तिथून परत आल्यावर गाव तुमच्याकडे बघत असतं, आणि जे आणलं ते कुणाच्या गल्लीत आधी जातं यावर ते तुम्हाला ओळखतं.

त्या वहीवाल्या सरपंचाला माझा निरोप आहे. मी सांगितलेलं वाक्य खोडू नका, पण त्याच्याखाली पान मोकळं ठेवा. १५ ऑगस्टच्या सभेला मला बोलवा, मी मागच्या रांगेत बसेन, विचारल्याशिवाय बोलणार नाही. नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. दवंडी पारावरच देऊन माघारी येते असं होऊ देऊ नका. कोतवालाबरोबर स्वतः ऊसतोडवाल्यांच्या वस्तीपर्यंत जा, आणि तिथं तिसऱ्या घराच्या मागं जी म्हातारी चार नातवंडं घेऊन राहते, तिला ऐकायला कमी येतं, तिला जवळ जाऊन सांगा.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
जिल्हा धाराशिव